दहाच्या आत

“मान खाली! मान खाली घाला अरुणराव, वरातीत निघालात का?”

हे तुम्ही ओरडत होता.

“मान खाली घातली तर पुढचं दिसेल कसं?” मीही ओरडलो.

“पुढचं बघून करायचंय काय? इतक्या हळू जाणाऱ्याला कोणी धडकत नाही. लोक वळसा घालून जातात!”

वसंतराव, ती आपली पहिली सकाळ. दीड वर्ष झालं. पिपलानीच्या क्वार्टरांची शेवटची रांग मागे पडली होती आणि आपण रायसेन रोडला लागलो होतो. पुढे मी, माझ्या लेकीच्या रेसिंग सायकलवर. मागे दहा हातांवर तुम्ही, जुन्या गिअरवाल्या स्कूटरवर, माकडटोपीवर हेल्मेट चढवून. माझं पोट त्या काळात असं होतं की हँडलवर वाकलो की दोन्ही गुडघे आळीपाळीने त्याच्यावर ढोल वाजवायचे. आनंदनगरचं एक पिवळं कुत्रं मागे लागलं, चार पावलं भुंकलं, मग त्याला कंटाळा आला आणि ते शेजारून नुसतं चालत राहिलं. एका खांबापाशी थांबून त्याने आपलं काम उरकलं, अंग झटकलं आणि पुन्हा मला गाठलं. यात एक अक्षर खोटं नाही. फार तर खांब दोन असतील.

तुम्ही असता तर इथेच अडवलं असतं. “खांब एकच होता. आणि कुत्रं पिवळं नव्हतं, मातकट होतं.” आपल्या बायका सख्ख्या बहिणी, तुमच्या अक्का थोरल्या, माझी सुनंदा धाकटी, म्हणून आपण साडू. पण मला तर वाटतं, माझ्या गोष्टींना कोणीतरी आळा घालावा म्हणून देवाने आधी मला जन्माला घातलं आणि मग घाबरून, मागची तारीख टाकून, तुम्हाला.

तेराव्याला लोक तुमच्याबद्दल खूप बोलले. कुठून आलात, किती वर्षं नोकरी झाली, स्वभावाने कसे शिस्तीचे. सगळं बरोबर होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलो नाही. मी, अरुण, जो बारशालासुद्धा अर्धा तास बोलतो! सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच ताप आलाय. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. तुमच्याशी बोलायचं होतं, आणि तुम्ही भिंतीवर हार घालून बसला होता, मान अगदी सरळ ठेवून.

तर बोलतो.

सायकल माझी नव्हतीच. रेवा नोकरीला हैदराबादला गेली आणि ती बारीक टायरांची, बोकडासारख्या वाकड्या शिंगांची सायकल आमच्या गॅलरीत राहिली. तिच्यावर टॉवेल छान वाळायचे. मग डॉक्टरांनी माझा साखरेचा कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिला. घरी आल्यावर मी जाहीर केलं की उद्यापासून सायकल. सुनंदा हसली. अक्का हसल्या. तुम्ही तेवढे हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, “कुठून कुठपर्यंत?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे सुरुवात कुठे आणि शेवट कुठे? मोजणार कसं?”

“वसंतराव, मी व्यायाम करणार आहे. मोजायचं काय त्यात?”

“जे मोजलं नाही,” तुम्ही म्हणालात, “ते झालं असं फक्त तुम्हाला वाटतं.”

आपण दोघे एकाच कारखान्यातले. मी स्टोअरमध्ये, आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत मापं तपासायच्या गेज रूममध्ये. मला तिथलं ते दोन टोकांचं गेज आठवतं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं आणि नाही गेलं, एवढंच; ‘जवळजवळ गेलं’ असं तिसरं टोक त्याला नव्हतं, तसं ते तुम्हालाही नव्हतं. मशिनवरचे लोक आपला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, घेऊन यायचे, हात जोडायचे, म्हणायचे, “साहब, बाल बराबर फरक है.” तुम्ही म्हणायचात, “बाल मुझे दिखाओ, मैं उसको भी नाप दूँ.” आणि तुमचा लाडका नियम तर साऱ्या वर्कशॉपला पाठ होता. आपला जॉब आपण पास करायचा नाही. ज्याने घडवला त्याने बाजूला उभं राहायचं, मोजणार दुसरा.

त्या नियमाने तुम्ही माझ्या पायांचे इन्स्पेक्टर झालात.

रस्तासुद्धा तुम्हीच मोजलात. मी म्हटलं मोबाइल सांगतो ना. “मोबाइलला कोणी तपासलंय?” मग एका रविवारी तुम्ही माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाला खडूची खूण केलीत आणि पिवळ्या पुलियापासून, त्या छोट्या पुलापासून, सायकल हाताने ढकलत, चाकाचे फेरे मोजत चालत निघालात. वाटेत तुमचा जुना सहकारी भेटला. त्याने राम-राम केला, हालहवाल विचारली. तुम्ही हजाराच्या पुढे कुठेतरी होता. तोंड उघडलं असतं तर आकडा सांडला असता. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने साऱ्या पिपलानीत सांगितलं की वसंतरावांना पेन्शनचा माज चढलाय. तुम्ही ते मुकाट्याने सोसलंत, पण पाच किलोमीटर पक्के झाले. ते बरोबर शकूरमियाँच्या चहाच्या टपरीपाशी संपत होते. ती मात्र योगायोगाची गोष्ट नसावी, असा मला अजून संशय आहे.

पहिल्या दिवशी एकोणीस मिनिटं, सव्वीस सेकंद. शेवटच्या चढावर मी उतरलो नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगितलं. तुम्ही मागेच होता.

“उतरला होतात.”

“टेकलो होतो.”

“सहा पावलं टेकला होतात.”

तुम्ही तो आकडा टपरीशेजारच्या कठड्यावर खडूने लिहिलात. पुढच्या वेळी बरा आकडा आला की तळहाताने जुना पुसून नवा. वाईट आला की काहीच नाही. शकूरमियाँ तो आकडा रोज वाचायचे. आठवडाभर त्यांना वाटत होतं की आपण त्यांच्या उकळत्या दुधाचं काहीतरी टिपून ठेवतोय.

आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपण बोललो ते सगळं सेकंदांचं. आनंदाचं काही बोललो नाही. मला वाटलं, ते बोललो तर तुम्ही विचाराल, किती?

खूप, वसंतराव. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं वाढतं काय? साखर वाढते, चष्म्याचा नंबर वाढतो, साहेबांचं वय आपल्यापेक्षा कमी होत जातं. बाकी सगळं मंदावतं. जिना मंद, पचन मंद, नावं आठवणं मंद. आणि त्याच देहात एक गोष्ट, फक्त एक, दर आठवड्याला चढत होती. एकोणिसाचे सोळा झाले. चाकांत हवा नीट भरली म्हणून अर्धं मिनिट, मागचं कॅरिअर आणि त्यावरची पिशवी काढली म्हणून अर्धं मिनिट. ती पिशवी कशाला होती, हे तुम्ही विचारलंत. येताना मेथी आणायला. “मेथी की वेळ, एक ठरवा,” तुम्ही म्हणालात. त्या हिवाळ्यात आमच्या घरी मेथी आली नाही.

मग ती सकाळ. मी चढावर पेडल लाथाडत होतो, जसं काही ते माझं देणं लागत होतं, आणि मागून तुमचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, शॉपमध्ये नवशिक्याला सांगावं तसं.

“अरुणराव, लेथचा फिरता स्पिंडल कधी धक्के मारताना पाहिलाय?”

“नाही!”

“मग पाय ढकलू नका. फिरवा. वर येणारा पायही कामाला लावा. हलका गिअर घ्या आणि फिरवत राहा.”

मी गिअर हलका केला. पाय फिरवले. आणि काहीतरी झालं. तोवर मी सायकल चालवत होतो. त्या क्षणी ती निघाली. टायरांचा आवाज बदलला, खरखरीचा सूं झाला. छातीत भाता चालत होता पण घाई नव्हती. रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडं, जी एरवी माझ्याकडे सावकाश पाहून घ्यायची, ती नुसतीच मागे जायला लागली. मातकट कुत्रं आलं, सवयीने. मी त्याला म्हटलं, “ये.” ते पळालं, जीव तोडून पळालं, माझ्या मागच्या चाकाइतकं आलं आणि मग मागे राहिलं, वसंतराव! जीभ बाहेर काढून रस्त्यात बसलं. मी एका हाताने त्याला टाटा केला आणि पडता पडता वाचलो.

आणि तेव्हाच मागून तो आवाज आला: खट्. तुमच्या स्कूटरने तिसरा गिअर घेतला.

तुम्हाला वाटलं असेल तो गिअर होता. माझं ते सगळंच होतं. पहिले दोन महिने तुमची स्कूटर माझ्यामागे पहिल्या गिअरमध्ये कण्हत यायची, मध्येच बंद पडायची, तिचासुद्धा अपमान होत होता. मग दुसरा आला. आणि आता तिसरा. तुम्ही कधी शाबास म्हणाला नाहीत. दीड वर्षात एकदाही नाही. पण हाताखालची ती स्कूटर तुम्हाला न विचारता मला शाबास म्हणायची. त्या दिवशी मी घरी जाऊन सुनंदाला सांगितलं की स्कूटर चौथ्यात होती आणि तरी मागे पडली. ती म्हणाली, “आंघोळ करा.”

बारा-पन्नास. बारा-दहा. अकरा-चौतीस. आणि मग ते सेकंद दगडाचे झाले. एकोणिसाचे सोळा करायला महिना लागला होता. अकराचे साडेदहा करायला सात महिने. दहाच्या आत यायचं, हे कोणी ठरवलं ते आठवत नाही. बहुधा मीच, आणि बहुधा पाहुण्यांसमोर.

अशोका गार्डनचा तो साखरपुडा आठवतो ना? मी पंगतीत बसून माझ्या चुलत मेहुण्यांना सांगत होतो. वाढपी श्रीखंड घेऊन थांबला होता, इतकी गोष्ट रंगली होती.

“पाच किलोमीटर,” मी म्हणालो, “नऊ मिनिटांत. आणि परवा तर एका कारला ओव्हरटेक केलं.”

पलीकडच्या रांगेतून, पुरीवरची नजर न काढता, तुम्ही म्हणालात, “दहा मिनिटं, एकवीस सेकंद. कार उभी होती.”

सगळी पंगत हसली. वाढपी तर इतका हसला की त्याने मला श्रीखंड दोनदा वाढलं. मी चिडलो. हात धुताना मी तुम्हाला गाठलं.

“वसंतराव, तुमचं काय जातं? चार लोकांत जरा मान राहिला असता.”

तुम्ही रुमालाने एकेक बोट पुसत होता. “दहाच्या आत या,” तुम्ही म्हणालात. “मग तुम्हाला सांगावं लागणार नाही. मी सांगेन. याच लोकांत, उभा राहून.”

हे तुम्ही सहज म्हणालात. मी मात्र बेसिनचा नळ बंद करायचा विसरलो. कारण, आता लपवून काय करू, माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याच गोष्टीवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. शाळेत खरोखर साप चावला होता तेव्हा मास्तर म्हणाले, बाकावर उभा राहा. लोक माझं ऐकतात, खुर्ची ओढून ऐकतात, पण मानत नाहीत. आणि तुमचं कोणी ऐकायचं नाही, पण तुम्ही एकदा आकडा सांगितला की त्यावर साऱ्या नातेवाइकांत अपील नव्हतं. तुम्ही उभं राहून ‘अरुणराव दहाच्या आत आले’ म्हणणार होता. त्या एका वाक्यासाठी मी साखर सोडली, वसंतराव. डॉक्टरांसाठी नव्हती सोडली.

आता ती शेवटची सकाळ. इथे मी काहीही फुगवणार नाही.

थंडी सरत आली होती. वारा पाठीमागून होता. पुलियावर तुम्ही म्हणालात, “किक तुम्ही मारा, पाय गरम होतील.” महिनाभर तुम्ही असंच म्हणत होता आणि मी महिनाभर तुमच्या स्कूटरला किक मारत होतो. मला वाटायचं, हा प्रशिक्षणाचा भाग आहे. तुम्ही हातातलं स्टॉपवॉचचं घड्याळ दाबलंत, मी निघालो.

मला माझ्या पहिल्याच फेऱ्यात कळलं होतं. असं वर्षातून एकदा होतं, पाय आपले नसतात, कोणाचे तरी चांगले असतात. मागून दुसरा आला, तिसरा आला, खट्. मग मी वाकलो आणि त्यानंतर काही ऐकलं नाही. चढावर एक ट्रॅक्टर होता, त्याच्या बाजूने मी असा गेलो की ट्रॉलीवरच्या बायका ओरडल्या. टपरी आली. शकूरमियाँ हातातली किटली तशीच धरून उभे राहिले. “अमां खां, ये आज क्या पी के आए हो?” मी मोबाइल पाहिला. नऊ-बावन्न.

मी वळलो. तुम्ही नव्हता.

परत आलो तर तुम्ही रस्त्याखालच्या मधल्या मोरीच्या कट्ट्यावर बसला होता. स्कूटर स्टँडला, हेल्मेट मांडीवर, माकडटोपी हातात. तुमच्या डोक्याला घाम होता. घड्याळ चालू होतं, त्यात चौदा मिनिटं होऊन गेली होती.

“थांबलात का?” मी ओरडलो.

“धाप लागली जरा.”

“अहो नऊ-बावन्न! नऊ-बावन्न आलं! हे बघा!”

तुम्ही मोबाइलकडे पाहिलं. घेतला नाहीत हातात. “मोबाइल तुमचा,” तुम्ही म्हणालात, “जॉब तुमचा. पास कोणी करायचा?”

“म्हणजे नाही धरणार?”

“मी शेवटाला नव्हतो.”

“तुम्हाला मला पास करायचंच नव्हतं,” मी म्हणालो. “आयुष्यभर लोकांचं काम परत पाठवून हात वाकडा झालाय तुमचा. सरळ काही करवतच नाही.”

तुम्ही टोपी घडी करत बसलात. मी सायकल वळवली आणि निघालो. शंभर हातांवरून आठवलं की तुमची किक मारायची राहिली. आठवलं, वसंतराव. आणि मी थांबलो नाही.

धाप लागली, हे तुम्ही मला सांगितलं होतं. मराठीत, स्पष्ट, तीन शब्दांत. जो माणूस आयुष्यात कधी वाढवून बोलला नाही, ज्याच्या आकड्यावर सगळे विसंबायचे, तो म्हणाला धाप लागली, आणि मला ती सबब वाटली. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी पाणी दिलं असतं. तुम्ही म्हणालात म्हणून मी घड्याळाबद्दल भांडलो. अशी चूक आपल्या दोघांतच होऊ शकत होती. एकाने कधी खोटं सांगितलं नाही आणि दुसऱ्याने कधी नीट ऐकलं नाही.

अकरा दिवस मी आलो नाही. बाराव्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन आला. तुम्ही जेवून जरा पडला होता. आपल्या दोन घरांमधलं अंतर सायकलने चार मिनिटांचं; मी किती वेळात पोचलो ते मोजलं नाही.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी अक्का आमच्याकडे आल्या. तुम्हाला माहीतच आहेत तुमच्या अक्का. सरकारी कचेरीत सगळी नोकरी केली, सुट्टीच्या दिवशी तुमचीच स्कूटर घेऊन हबीबगंजपर्यंत जायच्या, तेही नऊवारीतल्या सासूला मागे बसवून. त्यांनी चप्पलही काढली नाही. दारातूनच म्हणाल्या, “स्कूटर उभी राहून खराब होतेय. उद्या सहाला तयार राहा.”

“अक्का, मी सायकल सोडली.”

“का?”

का, हे सांगता येईना. मग सांगितलं. मोरी, घाम, धाप, किक, सगळं. सुनंदा स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली. मला वाटलं, अक्का उठून जातील. किंवा रडतील. मला दोन्ही हवं होतं.

“घरी आले तेव्हा म्हणाले होते मला,” अक्का म्हणाल्या.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, अरुणराव रागावलेत. दोन दिवसांत येतील.”

बस्स. एवढंच तुम्ही म्हणाला होता. तुमचा अंदाज चुकलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तो माझ्यामुळे चुकला.

“आता सहाला या,” अक्का म्हणाल्या. “मला हल्ली किक बसत नाही.”

तर वसंतराव, परवा सकाळी सहा वाजता मी पिवळ्या पुलियावर होतो. मी किक मारली. अक्कांनी तुमचंच हेल्मेट घातलं होतं, कानांवर स्कार्फ गुंडाळून. घड्याळ कसं दाबायचं ते मी दाखवायला गेलो तर म्हणाल्या, “मी संसार केलाय त्यांच्याशी.” दाबलं, मी निघालो.

अक्का ओरडत नाहीत. त्यांचा मागे आवाजच नाही. पहिला किलोमीटर मी नुसता वाट पाहत होतो की कोणी काही म्हणेल. मान वर होती, मला कळत होतं की वर आहे, आणि कोणी वरातीची आठवण करून देईना. मग मीच दिली. मी मोठ्याने ओरडलो, “मान खाली, अरुणराव!” रस्त्यात दूधवाला होता, त्याने मोटरसायकल कडेला घेतली. मी मान खाली घातली. पाय फिरवले. चार आठवडे बसून काढले होते, देह जड होता, श्वास जुन्या भात्यासारखा. पण फिरवत राहिलो. तिसरा गिअर उशिरा आला, पण आला. मोरी आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि गेलो, वेग कमी केला नाही. कमी करणं तुम्हाला आवडलं नसतं. चढावर पोटऱ्यांत पेटलं, डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याचं होतं की कशाचं, हे मी तपासलं नाही. टपरी. शकूरमियाँ उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. माझ्यासाठी नाही, मागून येणाऱ्या स्कूटरसाठी.

अक्कांनी घड्याळ पुढे धरलं. दहा मिनिटं, सात सेकंद.

“अक्का,” मी धापा टाकत म्हणालो, “वाऱ्याचा विचार केला तर…”

“वारा पाठीमागून होता.”

मी कठड्याकडे वळलो. कठड्यावरचा तुमचा शेवटचा आकडा अर्धा पुसला गेलाय. अक्का म्हणाल्या लिहू का, मी म्हटलं नको. दहाच्या आत येईन तेव्हा लिहा. येणार आहे मी. उन्हाळा तोंडावर आहे, रायसेन रोडवर खडी पसरून ठेवलीये, माझा डावा गुडघा पावसाळ्यातल्या दारासारखा वाजतो, आणि मी येणार आहे. आठवड्यातून तीनदा, सहा वाजता. अक्कांनी तसं ठरवून टाकलंय, मला विचारलेलं नाही. आणि ते नऊ-बावन्न, वसंतराव, ते मी परत घेतो. तुम्ही शेवटाला नव्हता. ते झालं असं फक्त मला वाटलं.

राहिलं एकच. तुम्ही उभं राहून सांगणार होता, त्याचं काय करायचं? दहाच्या आत आलो तरी ते वाक्य आता कोणाच्या तोंडून यायचं? अक्का चारचौघांत बोलत नाहीत. शकूरमियाँना सेकंद कळत नाहीत. म्हणजे मलाच सांगावं लागणार. आणि मी सांगितलेलं लोकांनी मानायचं, तर मला आधीपासून सुरुवात करायला हवी. सरावाची गोष्ट आहे, सगळंच सरावाने येतं, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. म्हणून मी ठरवलं की इथून पुढे जो आकडा आला तोच. एक सेकंद इकडे नाही, एक सेकंद तिकडे नाही.

त्याच दिवशी रेवाचा फोन आला. आधी तिने मावशीचं, आईचं, सगळ्यांचं विचारलं. मग म्हणाली, “बाबा, सायकल परत सुरू केलीत म्हणे. किती आलं?”

जिभेवर नऊ आला होता, वसंतराव. सवयीने आला होता, सजून-धजून आला होता. मी गिळला. खुर्चीत सरळ बसलो, घसा साफ केला आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा, जसा होता तसा आकडा उच्चारला.

“दहा मिनिटं, सात सेकंद.”

“बरं,” रेवा म्हणाली. “म्हणजे बारा.”